कमांडरचा भारा

आकाराम व्यासपीठावरून खाली उतरला नाही, एवढंच झालं. उतरायला लाकडी शिडी होती, ती धरायला माणूसही उभा होता. पण गळ्यात हार पडलेला, डोक्याला फेटा बांधलेला, बसायला गादीची खुर्ची, आणि त्यात कुणीतरी हातात माईक दिला. ज्या माणसाचं आयुष्य टांग्याच्या दांडीवर बसून गेलं, त्याला गादीची खुर्ची एकदम सोडवत नाही. उचगावच्या माळावर नव्या शिंगरांची शर्यत नुकतीच संपली होती, आणि आकारामनं बसल्या जागेवरून निकाल देऊन टाकला.

"ह्या घोड्याच्या रक्तात पळ न्हाय. शिंगरं देखणी हायत, न्हाय म्हणत न्हाय. वरातीला न्या!"

माळ खदखदून हसला. भोंग्यातून ते वाक्य पार उसाच्या फडापर्यंत गेलं. एकटा चनबसाप्पा तेवढा हसला नाही. त्या शिंगरांचा बाप असलेला घोडा त्याचा होता.

आकाराम शिवाजी पेठेतला. स्टेशनपासून पेठेपर्यंत टांगा हाकत त्याचे केस पांढरे झाले. पुढं रिक्षा वाढल्या, टांगा अंगणात उलटा पडला, त्यावर कोंबड्या बसू लागल्या. घोडा विकला गेला; घोड्यातली नजर मात्र कुणी विकत घेईना, म्हणून ती त्याच्याकडंच राहिली. शर्यतीच्या नादाची माणसं लांबलांबून शिंगरं घेऊन यायची. आकाराम तोंड बघायचा नाही, शेपूट बघायचा नाही. उकिडवा बसायचा आणि पुढच्या पायाच्या गुडघ्यावर अंगठा दाबायचा. कच्च्या शिंगराच्या तिथल्या हाडाला बारीक खोबण लागते. ती मिटली की जनावर पिकलं, मग त्याचं पळणं बघायचं. तोवर हरलं काय आणि जिंकलं काय, सगळं सारखंच. "ह्याला सोयरिकीला न्हेऊ नका," पेठेतली माणसं म्हणायची, "नवरदेवाचा गुडघा दाबून बघंल."

पारख करणाऱ्यांत एक जुना रिवाज होता. शब्द खोटा ठरला तर लसूणघासाचा भारा आपल्या डोक्यावर घ्यायचा, गावातून चालत मालकाच्या दारी जायचं, आणि ज्या घोड्याला नाव ठेवलं त्याच्यापुढं टाकायचा. त्यानं तोंड लावलं की फिटलं. आकारामवर ही पाळी कधी आली नव्हती. हे तो चहा पाजणाऱ्याला सांगायचा आणि न पाजणाऱ्यालाही.

चनबसाप्पाचं उचगावात पेंड-भुशाचं दुकान. घराणं मूळचं निपाणीकडचं, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. चार पैसे गाठीला असलेला, देवभोळा, निमूट माणूस. त्यानं आयुष्यात एकच खूळ केलं. पुण्याच्या रेसमधून पाय दुखावून बाहेर पडलेला एक उंच तांबडा घोडा घरी आणला. कागदावर त्याचं नाव रॉयल कमांडर. उचगावानं त्यातलं रॉयल पहिल्याच दिवशी काढून टाकलं.

"दुकानाची पेंड ह्योच खातोय," बायको रत्नव्वा म्हणायची.

"खाऊ दे की. टांगं गेलं, आता घोडा टिकला तर शर्यतीवरच टिकणार. त्याला असलं रक्त पायजे बघ."

त्यानं दारोदार फिरून लोकांना फळवण्यासाठी घोड्या कमांडरकडं आणायला लावल्या. जोतीराम शेतकरी होता, त्यानं आपली म्हातारी घोडी आणली. आणखी दोघांनी आणल्या. तीन शिंगरं झाली. चनबसाप्पा दर सोमवारी बसवेश्वराला जाऊन आला की त्यांच्या गोठ्यांवर चक्कर टाकायचा. पहिली शिंगरं पळाली तर गावोगावच्या घोड्या कमांडरकडं येणार, नाही पळाली तर घोडा नुसता दारातली शोभा. त्याचं सगळं त्या एका शर्यतीवर येऊन थांबलं होतं.

आणि अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात ती शर्यत झाली. गाडीला जुंपून दुडक्या चालीनं पळायचं, चौखूर उधळलं की बाद. हंबीररावाचं गावठी तट्टू पहिलं आलं. गाढवापेक्षा बोटभर उंच, जेवढं वाढायचं तेवढं वाढून मोकळं झालेलं. कमांडरच्या एका शिंगरानं दुडकी मोडून चौखूर उधळी घेतली, ते बाद झालं. दुसरं गाडीसकट उसात शिरलं. जोतीरामची चंद्री तेवढी सरळ पळाली, पण लांब पाय एकमेकांत अडकवत शेवटी आली. उंच रक्त उशिरा पिकतं, हे आकारामला अंगठ्याइतकंच पाठ होतं. शिडी उतरून त्या तिघांपैकी एकाच्या गुडघ्याला हात लावला असता, तरी पुरे होतं.

त्या दिवसानंतर कमांडरकडं एकही घोडी आली नाही. दावणीला बांधलेला नर रिकामा राहिला की अंगावर येतो. त्यानं खुंटा उपटला, भिंत फोडली, रत्नव्वाच्या खांद्याचा चावा घेतला. संक्रांत झाली, तसा चनबसाप्पा तिळगूळ घेऊन पेठेत आला.

"तात्या, एकदा येऊन शिंगरास्नी हात लावून बघा की. त्या दिवशी तुम्ही बघितलंच न्हाईसा."

कट्ट्यावर चारजण बसले होते. त्यांच्यादेखत आकारामला हे झोंबलं.

"अण्णा, मी लांबनं बघितलं तरी जवळच असतंय. बोललो ते बोललो."

"पुन्हा एकदा बघायला काय जातंय?"

"माझा शब्द जातोय की!"

चनबसाप्पा तिळगूळ पुडीतच ठेवून गेला. आकारामनं पुडी सोडली आणि चौघांना वाटली.

पुढं हंबीरराव चनबसाप्पाच्या दारात आला. त्याचा वरातीचा धंदा होता. "घोडा घेतो मी. पर असला नर नवरदेवाखाली चालत न्हाय. खच्ची करून द्या." आकारामनं भोंग्यावरून 'वरातीला न्या' म्हटलं होतंच, हंबीररावानं फक्त ते मनावर घेतलं. बाहेरगावच्या एका माणसानं येऊन काम उरकलं. जखम चिघळली. मग धनुर्वात झाला. कमांडरचे पाय ताठ झाले, मान वळेना, आणि जबडा मिटला तो उघडलाच नाही. चनबसाप्पा त्याच्या ओठांना गुळाचं पाणी लावत बसायचा, ते खाली गळून जायचं. पेंडीच्या दुकानदाराचा घोडा पेंडीच्या पोत्यांशेजारी उपाशी मेला.

बातमी पेठेत आली तेव्हा आकाराम म्हणाला, "वंगाळ झालं." आणि रिवाजाचं नाव काढलं नाही, कारण त्याच्या हिशेबानं तो अजून खोटा ठरला नव्हता.

ठरला पुढच्या हिवाळ्यात. तोच माळ, तेच भोंगे, तीच गादीची खुर्ची. सोडल्यासोडल्या जोतीरामची चंद्री पुढं गेली. दुडकी जराही मोडली नाही. हंबीररावाचं तट्टू मागं धूळ खात राहिलं. उसात शिरलेलं शिंगरू दुसरं आलं. माणसं टोप्या उडवत पळाली. आकाराम माईक खुर्चीवर ठेवून शिडी उतरला, गर्दीतून वाट काढत चंद्रीजवळ गेला, उकिडवा बसला आणि अंगठा दाबला. हाड सपाट लागलं.

"जोतीराम, हे कवा मिटलं?"

"दिवाळीच्या आगंमागं. का वो तात्या?"

आकारामला उठायला जोतीरामनं हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावच्या रस्त्यानं तो डोक्यावर लसूणघासाचा भारा घेऊन चालला. ओल्या भाऱ्याचं पाणी मानेवरून गळत होतं. लोक दारात येऊन बघत होते. "तात्या, रिक्षा घ्यायची की!" एकजण ओरडला. आकारामनं मान हलवली नाही. हलवली असती तर भारा पडला असता.

चनबसाप्पा दुकानात तागडी घेऊन बसला होता. मागच्या गोठ्यात, कमांडरच्या जागी, भुशाची पोती छपरापर्यंत रचली होती.

"अण्णा, चुकलो. भारा आणलाय."

"खाली ठेवू नका, तात्या."

"रिवाज हाय."

"व्हय, हाय. घोड्यानं तोंड लावलं की फिटतंय. कुठल्या घोड्यापुढं टाकणार?"

आतून रत्नव्वा बाहेर आली. खांद्यावरचा व्रण तिनं पदराखाली घेतला. "त्यानं तुमचं काय घोडं मारलं हुतं वो, तात्या?" तिनं विचारलं, भांडायच्या सुरात नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

एक गिऱ्हाईक आलं. चनबसाप्पानं त्याला सरकी पेंड जोखून दिली. मग म्हणाला, "ऊन चढायच्या आत जावा आता. माघारी लांब हाय."

आकाराम भारा डोक्यावर घेऊन माघारी निघाला. परतीला कुणी ओरडलं नाही.

चनबसाप्पा दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात गेला. रत्नव्वा दुकान मोडून निपाणीला लेकीकडं राहिली. चंद्रीची आणि त्या दुसऱ्या शिंगराची नावं अजून निघतात. त्यांचा बाप कोण ते सांगताना लोक आकारामकडं बघत नाहीत. शिंगरं घेऊन माणसं अजूनही येतात. आकाराम उकिडवा बसतो, अंगठा दाबतो आणि कसलंही शिंगरू असलं तरी म्हणतो, "पुढच्या साली आणा, बघू." त्यामुळं येणारी माणसं कमी होत चालली आहेत.

पेठेच्या कोपऱ्यावर लसूणघास विकायला एक बाई बसते. येताजाता आकाराम तिथं थांबतो, पेंढ्या चाचपून बघतो.

"देऊ का भारा, तात्या?"

"बांधून ठेव. उद्या न्हेतो."

बाई आता बांधत नाही.