लोक हसत होते, तेव्हा काशिनाथकाका गेले

महिना होत आला, तरी मला अजून खरं वाटत नाही. गावच्या जत्रेच्या दिवशी, दिवेलागणीला, जालन्यात माझ्या घरचा फोन वाजला. पलीकडे गुलाबभाई होते. "बेटा, जल्दी ये. तुझा काका उठून न्हाई राह्यला..." मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं, दोघांचं पुन्हा भांडण झालं आणि काका रुसून बसले. त्या दोघांच्या बाबतीत दुसरं काही मनात येणंच शक्य नव्हतं.

काशिनाथकाका आणि गुलाबभाई ही एके काळी आमच्या भागातली गाजलेली जोडी. तमाशाच्या फडात काका बाईचं काम करायचे, गुलाबभाई सोंगाड्या. लुगडं नेसून काकांनी नुसतं नाक मुरडलं तरी लोक शिट्ट्या मारायचे. शहागडच्या एका खेळात, ऐन रंगात, गुलाबभाईंच्या तोंडून रिकाम्या पाळण्यावरून एक विनोद निघून गेला. काकांना मूलबाळ नव्हतं, आणि काकू समोरच बसल्या होत्या. लोक पोट धरून हसले. काकांनी तिथंच केसांचा टोप काढला, नेसत्या लुगड्यानिशी खाली उतरले आणि काकूंना घेऊन चालू पडले. फड सुटला. पुढं वीसेक वर्षं कुंभार पिंपळगावात एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत राहून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

मग आमच्याकडं टीव्ही आला. दर आठवड्याला खुनाच्या तपासाची एक मालिका लागायची. मी गावी होतो त्या दिवशीच्या भागात दोन म्हातारे नट होते. एकेकाळची जोडी, आता हाडवैर. आणि त्यातला एक रंगपटात मरून पडलेला. सगळा संशय दुसऱ्यावर. काका पुढं सरकून बसले. "यानंच मारला," ते म्हणाले. "मी असतो तं मीबी हेच केलं असतं." आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. इन्स्पेक्टर नाव सांगणार, तेवढ्यात लाइट गेली. गुलाबभाईंचा मुलगा टीव्ही दुरुस्त करायचा, त्यामुळं त्यांच्याकडं बॅटरी होती. समोरच्या खिडकीतून आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. काका अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाई दारात उभे!

"काशिनाथ, त्यानं न्हाई मारलं त्याला."

काका उंबऱ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "मंग कोणी?"

"मॅनेजरनं. तो तं बिचारा रडत बसल्ता शेवटी." मग ते काकूंकडं वळले. "भाभी, माझं चुकलं. तवाच यायला पाहिजे होतं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "आत या आधी."

त्यानंतर दर जत्रेत दोघं आपलं जुनं सोंग करायचे : नवराबायकोचं भांडण होतं, बायको मेल्याचं नाटक करते, नवरा गडबडा लोळतो आणि ती टुणकन उठते. यंदाही काका पडले. गुलाबभाई छाती बडवून रडले. काका उठले नाहीत. काशिनाथ आज गंमत वाढवतोय असं वाटून गुलाबभाईंनी पदरचं वाक्य टाकलं, "ऊठ ना गं, दूध उतू चाललं!" लोक आणखी हसले. त्यांनी हात धरून ओढला. हात सुटला आणि धप्पकन खाली पडला... त्यावरही टाळ्या पडल्या. गुलाबभाई हात जोडून ओरडले, "हसू नका रे, हसू नका!" तरी पुढच्या रांगा हसतच होत्या. मी पोचलो तेव्हा काका अंगणात होते, गालावर लाली तशीच.

गेल्या आठवड्यात गावी गेलो. गुलाबभाई रोज सकाळी काकूंकडं चहाला येतात. मी होतो तेव्हाही आले. बशीत चहा ओतत म्हणाले, "भाभीच्या हातचा चहा आज गोड झाला." आणि थांबले. काकांचं उलट उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ. काकूही हातातला कप तसाच धरून थांबल्या.

मग दोघांनी चहा घेतला.