बारा पट्ट्या आणि दोन कास्तेलिनो

लिडविन तावरोच्या सासूनं किंकाळी फोडली तेव्हा लिडविनच्या हातात कॉफीचा कप होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली. म्हातारी फोन छातीशी धरून जमिनीवर बसली होती.

"जेजू! गिल्बर्ट गेला गो! परवापर्यंत धडधाकट होता."

"माय, गिल्बर्ट बाप्पू नव्हे. नदीपलीकडचे ग्रेगरी कास्तेलिनो गेले. काल मीच ती बातमी लावली."

"मग हा कोण, माझा बाप?" सासूनं फोन पुढे केला.

पडद्यावर कोट घातलेल्या गिल्बर्ट बाप्पूंचा, नात्यातल्या काकांचा, हसरा फोटो होता आणि त्याच्या लगेच खाली ठळक अक्षरांत 'प्रभूच्या घरी'. बाप्पूंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. रविवारी त्यांची जुबिली. तो फोटो जुबिलीच्या बातमीचा होता.

मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत सकाळी बातम्यांच्या संकेतस्थळावर पहिलं काय बघतात, तर कोण गेलं ते. कुवेतमधली मुलंही तेच बघतात. ते पान लिडविन रचत असे. पूर्वी सिस्टर लोकांच्या छापखान्यात ती कोंकणी साप्ताहिकाची पानं लावायची. मजकुराच्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या, खळीनं चिकटवायच्या, एक केसभर वाकडं झालं की सिस्टर बेनिग्ना सगळं उचकटायला लावायची. छापखाना बंद पडला तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर ती संगणकावरची पानं शिकली. तिथं तिला पुन्हा पट्ट्याच भेटल्या. पडद्याच्या रुंदीचे बारा सारखे उभे भाग. या बातमीला सहा, त्या बातमीला सहा, किंवा आठ आणि चार. पडदा अरुंद झाला की शेजारशेजारचे चौकोन आपोआप एकाखाली एक येतात. या जाळ्यावर तिचा देवाखालोखाल विश्वास होता.

आदल्या संध्याकाळी तिनं दोन कास्तेलिनोंच्या बातम्या शेजारी लावल्या होत्या. वरच्या ओळीत दोघांचे फोटो, सहा पट्ट्यांत ग्रेगरी, सहा पट्ट्यांत गिल्बर्ट. खालच्या ओळीत दोघांचा मजकूर, ज्याचा त्याच्या फोटोखाली. दोन्ही फोटोंच्या कडा एका रेषेत याव्यात म्हणून तिनं मुद्दाम असं केलं होतं. संपादक अल्बन तिच्या मागे उभा राहून म्हणाला होता, "लिडविन, फ्रेम करून भिंतीवर लावावं असं पान झालंय बघ." ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर ते खरंच तसं होतं. फोनवर उघडून बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

फोनवर आधी वरच्या ओळीतले फोटो एकाखाली एक आले होते. ग्रेगरी, त्याखाली गिल्बर्ट. मग खालची ओळ, आणि तिच्यात पहिला ग्रेगरींच्या निधनाचा मजकूर, 'प्रभूच्या घरी'. आणि लोकांनी गिल्बर्टचा फोटो आणि त्याखालचे दोन शब्द तेवढे टिपून गावभर पाठवले होते. नावापर्यंत कोण जातो!

तिनं बाप्पूंना फोन लावला. पलीकडे त्यांनी स्वतःच उचलला.

"मी मेलोय म्हणे, बाय."

"बाप्पू, माफ करा. माझीच चूक."

"अंगण भरलंय. तुझी काकी कॉफी करून करून दमली. शेजारची व्हिक्टोरिया आली ती रडतच आली, मी दार उघडलं तर पायरीवरच आडवी झाली. आता तिला वारा घालतोय. मेलेल्यानं वारा घालायचा, अशी वेळ आणलीस."

लिडविननं घरूनच पान उघडलं. ज्याचा फोटो त्याचा मजकूर असे दोन डबे केले आणि मग ते डबे पट्ट्यांत बसवले. या खेपेस फोनवर चारदा बघितलं. अल्बननं गावभर खुलासा पाठवला. दुपारी ती जेवायला बसली तोच चर्चमधून पाद्राबांचा फोन आला.

"लिडविन, ग्रेगरीचं दफन आज आहे की नाही? शवपेटी उचलणारे म्हणतात, बातमी खोटी आहे, कुणी गेलेलंच नाही."

ताट बाजूला सारून तिनं अल्बनचा खुलासा पहिल्यांदाच वाचला. 'कास्तेलिनो यांच्या निधनाची बातमी चुकीची आहे. कृपया कुणीही जाऊ नये.'

"अल्बन, कुठले कास्तेलिनो?" तिनं त्याला फोन करून विचारलं.

"गिल्बर्ट! सगळ्या गावाला ठाऊक आहे की."

"गावाला काय ठाऊक असतं ते सकाळी बघितलंस ना? आपण एका जित्याला मारलं, आता मेलेल्याला पुरूही देत नाही!"

नवा खुलासा लिही म्हणून त्याला सांगून ती रिक्षानं नदीपलीकडे गेली. ग्रेगरींच्या अंगणात भाड्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आत पेटीपाशी त्यांची बायको कार्मिन, एक बहीण आणि दोन शेजारी. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायलाही आवाज पुरे पडत नव्हता. लिडविन उंबऱ्यावरूनच मागे फिरली आणि तिनं पुन्हा बाप्पूंना फोन केला.

"बाप्पू, तुमच्याकडची माणसं गेली?"

"कुठली जातायत! काकीनं सान्ना वाफवायला ठेवल्या, तशी सगळी टेकून बसलीत."

"त्यांना घेऊन इकडे या. इथं पेटी उचलायला माणसं नाहीत. माझ्यामुळे नाहीत."

मागून काकीचा आवाज आला, "जुबिलीच्या आठवड्यात मयताला? वेड लागलंय तिला!"

"गप गो," बाप्पू म्हणाले. "ही माणसं मयताचेच कपडे घालून आलीत. ती फुकट का जावीत?"

ते आले. दोन टेंपो भरून. उतरून सगळ्यांच्या पुढे गिल्बर्ट बाप्पू. त्यांना चालत येताना बघून वाटेवरच्या एका माणसानं सायकल टाकून छातीवर क्रूसाची खूण केली. पेटीचा पुढचा कोपरा आपण धरणार, असं बाप्पूंनी सांगून टाकलं. प्रार्थना म्हणणारे आवाज अंगणात मावेनात.

पेटी उचलण्याआधी लिडविन कार्मिनपाशी गुडघे टेकून बसली. "माय, पान मी लावलं होतं," ती म्हणाली. ती शिव्या खायला तयार होती.

कार्मिन फोन काढून बघत होती. सकाळचंच पान तिनं जपून ठेवलं होतं.

"सगळ्यात वर ह्यांचाच फोटो होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"सगळ्यांनी तो बोटानं वर सारला असेल. तेव्हाच गिल्बर्ट दिसला असेल." तिनं फोन लिडविनसमोर धरला. "एकानंही फोन करून विचारलं नाही, बाय, की हा वरचा कोण."

दारात बाप्पू खुणावत होते. लिडविननं कार्मिनला हाताला धरून उठवलं आणि पेटीमागे दोघी चालू लागल्या.