जस्ताची नळी

“धातूच हात धरतो आणि धातूच मान मुरगळतो,” असं मीठवाली एकदा म्हणाली होती. विषाणूच्या आरएनएबद्दल म्हणाली होती. नवरा हसला होता.

प्रयोगशाळेत क्षारांची द्रावणं तीच बनवायची, म्हणून हे नाव. दिवसभर मीठ ढवळते आणि घरच्या भाजीत विसरते, असं सासूबाई म्हणायच्या. खोटं नव्हतं. आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडून बसतो. त्या घड्या मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि जस्त त्याच धाग्याचे तुकडे पाडतं. एवढ्यावर तिचं तारुण्य गेलं. नवऱ्याचं त्याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर, एका औषधापायी गेलं. ते औषध विषाणूचा आरएनए तोडत होतं. उद्या ते त्याच्या नावानं ओळखलं जाणार होतं. द्रावणं कुणाची, हे कोण विचारतो?

औषध बनवताना जस्त वापरलं होतं, ते तिच्या डोक्यातून जाईना. त्याचाच अंश औषधात उरून आरएनए तोडत असेल तर? तिने औषध आणि आरएनए असलेल्या नळीत धातू पकडून ठेवणारं रसायन टाकलं. आरएनए शाबूत. नवरा म्हणाला, तू मॅग्नेशियमही पकडलंस, घडीच उलगडली, मग औषध बसणार कुठे? मुद्दा बिनतोड होता. त्याच्या या हुशारीवरच तर ती भाळली होती. मग तिने औषध वगळून नुसतं जस्त घातलं, औषधात सापडलं तेवढंच. आरएनए तुटला. त्याच जागी, तसाच.

आरएनएचे तुकडे दाखवणाऱ्या जेलवरच्या पट्ट्या त्याने एकेक करून तपासल्या.

“ही नळी कुणी पाहिली?”

“मी.”

“मग घरातच आहे म्हणायची.”

त्या दिवसापासून तो तिच्याशी गोड बोलू लागला. तिला त्या गोडव्याची शिसारी यायची.

औषध रुग्णांना देऊन पाहायचं का, हे ठरवायला मंडळी जमली. एका म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलंच, औषधात राहिलेला धातूच तर हे तोडत नाही ना? नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला.

“हिनेच तपासलंय. विचारा की तिला.”

त्याच्या चेहऱ्यावर भीती असती, तर ती कदाचित खोटं बोललीही असती. भीती नव्हती. घरचंच माणूस, जातंय कुठे, अशी खात्री होती. सगळे तिच्याकडे वळले. ती उठली. म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मंजुरीच्या सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. तेव्हा कुठे नवऱ्याचा चेहरा उतरला. पण तोवर मीठवाली त्याच्या खुर्चीमागून, एक शब्दही न बोलता, दाराबाहेर पडली होती.