दया डाव्या समासात

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे वकीलमावशी शिकवते. खाली पंपाची फुसफुस, वर कायद्याची. काळा कोट तिने केव्हाच उतरवला. एका जुन्याजाणत्या वकिलाकडे उमेदवारी करून तिने स्वतःचं टेबल मांडलं होतं, पण घसा असा काही बसला की भरल्या कोर्टात तिचं म्हणणं दुसऱ्या रांगेपलीकडे पोचेना. न्यायाधीश म्हणायचे, "बाई, जरा मोठ्यानं." समोरचा वकील कुजबुजायचा, "राहू द्या साहेब, हरायचंय ते हळू आवाजातही हरता येतं." शेवटी तिने कोट कपाटात टांगला आणि शेजारणीच्या मुलाला कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी शिकवायला घेतलं. तो लागला. मग त्याची बहीण आली, बहिणीची मैत्रीण आली, आणि रीघच लागली. खोलीभर पोरांना तो घोगरा आवाज पुरतो.

या परीक्षेला कायदा पाठ असावा लागत नाही. एक नियम दिलेला असतो, त्याखाली एक प्रसंग. नियम प्रसंगाला लावायचा, उत्तर काढायचं, पुढे सरकायचं. नियम बरा की वाईट हे तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. अकरावी-बारावीच्या पोरांना नेमकं हेच जड जातं. म्हणून मावशी घरगुती नियम रचते.

"नियम असा. जो दार उघडं टाकील त्याने आत शिरलेल्या मांजराने केलेली नुकसानी भरून द्यावी. आता प्रसंग. ‘क’ची आई न्हाणीघरात पडली. तो डॉक्टरला आणायला धावला, दार उघडंच राहिलं. मांजर शिरलं आणि भाडेकरू ‘ख’चे काचेच्या पेटीतले मासे फस्त केले. भरपाई कोणी द्यायची?"

"‘क’नं!" सगळी पोरं ओरडली.

"मुळीच नाही," मागच्या बाकावरून आवाज आला. "त्या ‘ख’ला लाज नाही वाटत मासे मागायला? आधी आजींचं हाड मोडलंय का ते विचार म्हणावं."

ही अपील. खरं नाव हजेरीपुरतं. प्रत्येक उत्तरावर अपील करते म्हणून पोरांनीच ते दुसरं चिकटवलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. गणित, भाषा, सामान्यज्ञान, सगळ्यात चोख, पण नियमाचा प्रश्न आला की पोरीचं काळीज पाघळायचं आणि गुण वाहून जायचे. बापाने निक्षून सांगितलं होतं, परीक्षा एकदाच. नाही लागलीस तर मामाच्या ओळखीने रक्ततपासणीच्या कोर्सला जायचं, कायद्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. आणि या पोरीला दुसऱ्याचा खरचटलेला गुडघा पाहिला तरी भोवळ येते.

मावशीने सगळे उपाय करून पाहिले. रागावली, गोंजारलं, एक दिवस तर वर्गाबाहेर काढलं.

"अगं बये, ‘क’ हे नुसतं अक्षर आहे. त्याला ना आई ना बाप!"

"मग तर आणखीच बिचारा," अपील म्हणाली.

मावशीचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "या पोरीला कायमची इथेच ठेव," तो म्हणाला. "या घरात माझी बाजू घेणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं."

"तुमचा अर्ज फेटाळला. चहा टाका."

पण चहा पिता पिता मावशीला सुचलं. तिने अपीलपुढे कोरी सराव प्रश्नपुस्तिका ठेवली. "दया आली ना, की ती डाव्या समासात लिहायची. एका ओळीत. लिहून झाली की हात उचलायचा आणि मग नियमाप्रमाणे उत्तर. दया आणि नियम, दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

तास संपला तेव्हा डावा समास काळाकुट्ट झाला होता. ‘याला सोडा.’ ‘घरमालक नीच आहे.’ ‘हा नियम करणाऱ्याला कधी भूक लागली नसणार.’ आणि उजवीकडची उत्तरं? मावशीने चष्मा पुसून पुन्हा तपासली. बरोबर! पोटातलं कागदावर उतरलं की पोरीचं डोकं मोकळं होत होतं. पुढे पुढे हात असा वळला की पेन उघडलं रे उघडलं की आधी डावीकडेच धावायचं.

परीक्षेच्या दिवशी बाप कामाच्या कपड्यांतच आला होता, कोपरापर्यंत ग्रीस. पोरं आत गेली, फाटक लागलं. मावशी सावली शोधत फाटकाबाहेरच्या सूचनांच्या फळ्याशी गेली आणि सहज सूचना वाचू लागली. ‘यंदापासून प्रश्नपुस्तिकेवर काहीही लिहिल्यास किंवा खूण केल्यास उत्तरपत्रिका बाद ठरेल.’

तिने फळ्याची कड धरली.

"काय झालं बाई? ऊन लागलं का?" बापाने विचारलं.

मावशीने काहीही न लपवता सांगितलं. "मीच वळण लावलं हो तिला. तिचा हात डावीकडे जाणारच."

मावशी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे धावली, पण ऐन वेळी घशातून नुसती हवा. पहारेकऱ्याने कानाशी हात नेला. "आत निरोप जात नाही बाई. माझ्या सख्ख्या भावाचाही गेला नसता."

ती परत आली तेव्हा बाप म्हणाला, "लिफ्टमध्ये माणूस अडकलं की बाहेरच्यांनी दार ओढायचं नसतं. ओढलं की आणखी रुततं."

"मग काय करायचं?"

"बसायचं." तो पायरीवर बसला आणि ग्रीसने माखलेली नखं कुरतडू लागला.

घंटा झाली. पोरांचा लोंढा आला आणि जवळजवळ शेवटी अपील, डावा हात झटकत.

"समास?" मावशीने एवढंच विचारलं.

"कोरा."

"शपथ?"

"पुस्तिका घेताना सरांनी पान न पान उलटून पाहिलं की. सूचना ऐकली तेव्हा आधी रडूच आलं होतं. मग डावा तळवा समासावर दाबून ठेवला तो शेवटपर्यंत. मुंग्या आल्यात नुसत्या."

"आणि दया? ती कुठं टाकलीस?"

"तोंडातल्या तोंडात. सर दोनदा येऊन म्हणाले, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, सर, या ‘क’चं घर हातचं जातंय, दोन शब्द तरी बोलू द्या."

मावशी मटकन पायरीवर बसली आणि हसत सुटली. आवाज उरलाच नव्हता, नुसते खांदे हलत होते. बापाने पाण्याची बाटली पुढे केली, पण घोट आधी स्वतःच घेतला.

निकाल लागला तेव्हा अपीलचं नाव यादीत पार खाली होतं, पण होतं. ती पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून जिना चढून येईपर्यंत मावशीचा फोन वाजलाही.

"बाई! लागली हो पोरगी!" बापाचा आवाज विहिरीतून यावा तसा घुमत होता.

"अहो, कुठून बोलताय?"

"लिफ्टच्या खालच्या खड्ड्यातून. डोळ्यांत पाणी भरलंय, पाना कुठे ठेवलाय ते दिसेना."

"मग आधी बाहेर या, आणि रडा काय रडायचं ते."

"नको, नको. बाहेर अख्खी बिल्डिंग लिफ्टची वाट बघत उभी आहे. थोडा वेळ इथंच बरंय."