बडोद्याचे मामा, मुक्काम कोची

बडोद्यापलीकडे जग आहे, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांना साठी उलटून बरीच वर्षं झाली तरी कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. नकाशावर ते असायला त्यांची हरकत नव्हती; पण मांडवीच्या दरवाजाखालून रिक्षा, हातगाडी, गाय आणि वरात एकाच वेळी जाताना पाहिल्यावर माणसाला आणखी काही पाहायची गरज का पडावी, हे त्यांना खरोखरच कळत नसे. काश्मीरहून आलेल्या माणसानं दल सरोवराचं वर्णन सुरू केलं की मामा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत आणि मायेनं विचारत, "पण आपला सुरसागर तलाव नीट बघितलायस ना तू?" सयाजीगंजात स्टेशनवर ते वरचेवर जात, पण ते दुसऱ्यांना गाडीत बसवून द्यायला. गाडी हलली की कुणाला तरी इस्पितळात भरती करून आल्यासारखा चेहरा करून परत येत. याचं मूळ म्हणे घराण्यातच होतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. "त्यांना इथे थांबा असा हुकूम झाला होता," मामा सांगत. "निघा, असा हुकूम अजून आलेला नाही."

भाषेचंही त्यांचं वेगळंच होतं. घरात मराठी अगदी स्वच्छ, पण राग, प्रेम आणि भूक या तीन गोष्टी त्यांना गुजरातीतच होत. पुण्याहून येणारे पाहुणे त्यांना गुजराती समजत आणि सुभानपुऱ्याच्या सोसायटीत ते 'पेला मराठीकाका', म्हणजे 'ते मराठीकाका', म्हणून ओळखले जात. त्याचं त्यांना काही वाटत नसावं असं आम्ही धरून चाललो होतो.

मामी गेल्या आणि तो निघायचा हुकूम शेवटी त्यांच्या लेकीनं काढला. मीनल आणि जावई नोकरीनिमित्त कोचीला असतात. तेराव्यानंतर तिनं मामांची बॅग भरली. या वेळी स्टेशनवर मामांना पोहोचवायला आम्ही गेलो होतो. सवयीनं त्यांनी स्वतःचीच बॅग आमची असल्यासारखी उचलून आम्हाला सीट दाखवली आणि खाली उतरून उभे राहिले. शिट्टी झाल्यावर मीनलनं त्यांना हाताला धरून आत ओढलं.

पहिल्या महिन्यातले त्यांचे फोन ऐकून माझी बायको रडकुंडीला येई. "अगं, इथे सगळ्यात खोबरं. आणि प्यायचं पाणी गरम देतात, तेही गुलाबी! मला काय झालंय का? हे लोक सांगत का नाहीत?" ते पाणी तिकडे सगळेच पितात, त्यात औषधी लाकूड टाकतात, हे मीनलनं समजावलं, तरी मामांनी आठवडाभर नाडी बघून घेतली. मग मात्र एकाएकी फोन बंद झाले. केला तर "आत्ता वेळ नाही, बोट सुटतेय" एवढं बोलून ठेवून देत. "ते मनातलं लपवताहेत," बायको म्हणाली. "तुम्ही जा आणि त्यांना घेऊनच या. सुभानपुऱ्याचा फ्लॅट मी झाडूनपुसून ठेवते."

मी कोचीला पोहोचलो तर दारातच मामा चपला घालून उभे. पोट सुटलं होतं ते आत गेलेलं, चेहरा उन्हानं रापलेला. "चहा नंतर. आधी बोट," म्हणाले. धक्क्यावर तिकीटवाल्याला त्यांनी "चेट्टा, केम छो?" अशी हाक मारली आणि त्या दादानंही हसून "मजामा" म्हटलं. बोटीत मामांनी मला डाव्या बाजूला बसवलं, कारण उजवीकडून म्हणे फक्त पाणी दिसतं. आणि मग झाला प्रकार सांगितला.

एके दुपारी ते शेव शोधायला म्हणून निघाले होते. कुठलीशी बोट सुटत होती तिच्यात चढले आणि जुन्या कोचीत मट्टानचेरीला उतरले. अनोळखी गल्ली, मिरी-सुंठीचा वास, आणि अचानक कानावर गुजराती! एक सत्तरीच्या बाई भाजीवाल्याला झापत होत्या. मामांना भरून आलं. त्यांनी पुढे होऊन आपण बडोद्याचे असं सांगितलं. त्या काशीबेन. घराणं कितीएक पिढ्यांपूर्वी व्यापाराला इथे आलेलं. मामांनी अपेक्षेनं विचारलं, "बडोदं बघितलंयत ना?" बेननी मान हलवली. "ना रे भाई. शा माटे? कोचीनमां शुं नथी?"

"मी गार पडलो," मामा म्हणाले. "कशाला जायचं, इथे काय नाही, हे वाक्य आजवर मीच बोलत आलोय. समोरच्याला कसं वाटत असेल ते पहिल्यांदा कळलं."

मामांनी तिथेच बडोद्याची बाजू मांडायला सुरुवात केली. काशीबेननी त्यांना थांबवलं. आधी कोचीन बघून या, मग तोंड उघडा. झालं, मामा पेटले. कोचीत काय काय नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी कोची पालथी घालायला घेतली. सकाळी एक भाग बघायचा, संध्याकाळी काशीबेनच्या ओट्यावर जाऊन त्याची खोड काढायची. खोडी संपत गेल्या, हिंडणं वाढत गेलं. चिनी जाळी पाण्यात उतरतात तेव्हा कोळ्यांबरोबर दोर ओढायला जाऊ लागले. मासळीला हातही न लावणारा माणूस मला सुरमई आणि काळुंद्र यांतला फरक समजावून सांगत होता. कोकणी लोकांच्या देवळापाशी तर ते मला घेऊन मुद्दाम रेंगाळले. "यांचं बोलणं ऐक. शेजारच्या खोलीतून कुणीतरी आपल्याशी मराठी बोलतंय असं वाटतं की नाही?"

संध्याकाळी आम्ही काशीबेनच्या ओट्यावर पोहोचलो, तेव्हा त्यांनी आमच्यापुढे गाठिया ठेवले. खोबरेल तेलात तळलेले. मी एक तोंडात टाकून थांबलो. मामा तिसरी बशी संपवत म्हणाले, "खोबरेलाशिवाय गाठियाला चव येत नाही. बडोद्यात हे कुणाला सांगून पटणार नाही!" काशीबेन मला म्हणाल्या, "तमारा मामा बहु झगडो करे छे." आणि एक दिवस ते आले नाहीत तर आपल्याला जेवण जात नाही, हेही त्यांनी गुजरातीतच सांगितलं.

परतताना धक्क्यावर मी विषय काढला. फ्लॅट तयार आहे, तुमची भाची वाट बघतेय, चला.

"सुभानपुऱ्यात मी मराठी," मामा म्हणाले. "पुण्याच्या माणसांत गुजराती. सगळा जन्म मी बडोदं बडोदं करत बसलो, ते त्यामुळे असेल बहुतेक. तेवढं एकच माझं आहे, हे कुणीतरी मानावं म्हणून. इथे कुणी विचारतच नाही रे. हा कच्छी, तो कोकणी, पलीकडे तमिळ, अरबस्तानातून आलेल्यांचे नातू, सगळे कधी ना कधी बोटीतूनच उतरलेले. मीही उतरलो." मग एकदम घड्याळाकडे बघून म्हणाले, "आणि व्हायपीन बेट अजून निम्मं राहिलंय. बेननी विचारलं तर काय सांगू?"

मी एकटाच परतलो. बायकोनं दोन दिवस अबोला धरला, मग "येतील उन्हाळा संपला की" असं आपणच ठरवून टाकलं. उन्हाळा संपला, पाऊस झाला, नवरात्रातले गरबे झाले. दर रविवारी ती सुभानपुऱ्याला जाऊन फ्लॅटच्या खिडक्या उघडते, मामींच्या कुंड्यांना पाणी घालते आणि खिडक्या लावून येते.

परवा सकाळी मामांचा फोन आला. ती स्वयंपाकघरात होती, म्हणून मीच घेतला. मागे लाटांचा आणि कसल्याशा भोंग्याचा आवाज. मामा ओरडून विचारत होते, "काय रे, तुमच्या बडोद्यात थंडी पडली का?" मी पडली म्हटलं. "असणारच. तुमच्याकडे या दिवसांत पडते," म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मामा ना? काय म्हणत होते?"

"काही नाही," मी म्हटलं. "आपल्या बडोद्यात थंडी पडली का, विचारत होते."

"बघा," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "जीव इथेच आहे त्यांचा."