खंदकात खुर्ची टाकून बसलेले व्याही

आमच्या व्याह्यांइतका हेकट माणूस अख्ख्या सौदीत शोधून सापडायचा नाही. बायको गेल्यावर लेकीनं मला तबूकला आणलं. ती इथं नर्स आहे, आणि तिचे सासरे आधीपासून इथंच. एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी शिट्टी अजून गळ्यात. मी नुसता भिंतीकडं बघत बसायचो. तर म्हणाले, "व्याहीबुवा, रडायचं तर चालता चालता रडा. उठा." आणि मला खजुराच्या बागांपलीकडं एका मातीच्या गढीवर नेलं. कुणा शेतकऱ्याचं शेकडो वर्षांपूर्वीचं घर, भोवती खंदक. पूर्वी म्हणे त्यात पाणी असायचं. मला तो खड्डाच दिसला. तसं बोललो, तर गड्यानं माझ्यावरच शिट्टी फुंकली. रोज संध्याकाळी तिथं जायचं, खंदकातल्या बाटल्या वेचायच्या, आणि कुणी भिंतीवर चढलं की शिट्टी. एकदा सौदी पोरं फोटो काढायला वर चढली. हे खालून चक्क मराठीत, "उतरा खाली, तुमच्याच आजोबांचं घर आहे ते." पोरं उतरली, वर आम्हाला कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पाजला. काय समजली देव जाणे.

पुढं शेजारच्या लग्नाच्या हॉलवाल्यानं गाड्या लावायला म्हणून खंदक बुजवायला काढला. जावयानं फोटो काढून जुन्या वास्तूंच्या खात्याला पाठवले, पण डंपर आधी आला. बघतो तर व्याही खंदकात घडीची खुर्ची टाकून बसलेले. पठाण ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, हटो, मेरी नौकरी जाएगी." "तो पहले चाय पियो," म्हणत यांनी थर्मास उघडला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला देशाबाहेर काढतील, वर पोराचा इकामा, इथं राहायचा परवाना, जाईल." तर म्हणे, "तुम्ही बिस्किटं काढा." चहा संपतोय तोवर खात्याची गाडी आली, आणि डंपर भरलेला तसाच परत गेला. मग गढीला कुंपण बसलं, पाटी लागली, राखणदार आला. व्याही इस्त्रीचा शर्ट घालून बघायला गेले, तर त्यानं फाटकातच अडवलं. "खलास बाबा, अंदर जाना मना है."

व्याही भांडले नाहीत. कुंपण धरून उभे राहिले. म्हणाले, "वाचली एकदाची. आता आपलं काय काम?" बायको गेल्यापासून हाच प्रश्न मी घोळवतोय. पण त्यांचं तोंड बघवेना. म्हटलं, "बागेच्या त्या टोकाला जुनी विहीर आहे. लोक कचरा टाकतात तिच्यात." खरंच आहे, मी पाहिलीय. "मग हे आधी नाही का सांगायचं?" असं खेकसून ते तरातरा निघाले. मीही मागं. ही असती तर आम्हा दोघांना बघून, पदर तोंडाला लावून हसली असती.