दाजींनी जोडलेल्या हातोड्या

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जामनेरला पुतणीच्या हळदीत होते. भाचा एवढंच म्हणाला, "मावशी, बाबा गेले. झोपेतच." पिवळे हात तसेच खळखळून धुतले आणि धुळ्याची बस धरली. वाटेत डोळ्यांपुढे येत होता तो अक्काचा पियानो... माणूस गेलं आणि मला लाकडाच्या पेटीची काळजी! पण ज्यांनी त्या दोघांचा संसार पाहिलाय, त्यांना याचं नवल वाटायचं नाही.

अक्का माझी थोरली बहीण, शाळेत संगीत शिकवायची. दाजी निवृत्त झाले त्याच वर्षी धुळ्यातल्या एका मिशन बंगल्याची आवराआवर निघाली, तेव्हा तिथला उभा पियानो तिने हट्टाने घरी आणला. दाजी सूतगिरणीत यंत्रांची देखभाल करायचे. त्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू गेले. निवृत्तीनंतर तर कानात यंत्र घालूनही सूर म्हणजे नुसती खरखर. मग ते यंत्र काढून ठेवायचे, अक्का वाजवायला बसली की शेजारी खुर्ची ओढायचे आणि पियानोच्या अंगाला तळहात टेकवायचे. तेवढंच त्यांचं ऐकणं.

पियानो आल्यावर पहिल्याच मे महिन्यात त्यांनी घोळ घातला. आमच्याकडे उन्हाळ्यात आल्या-गेल्याला आधी कूलरसमोर बसवतात, तसं त्यांनी पियानोलाही बसवलं. ओल्या वाऱ्याने आतलं लाकूड फुगलं. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटायची आणि परत यायचं नावच नाही. "दाजी, आता त्याला आमरसाचं ताट वाढा," मी म्हटलं. माझे ओठ वाचून ते खो खो हसले. कूलर हलला, पण त्या निमित्ताने दाजींनी पियानोची पुढची फळी उघडली आणि तिथेच रमले.

पुढे दुखणं निराळं निघालं. हातोड्यांच्या बारीक लाकडी दांड्या सारख्या मोडायच्या. दाजी मोडकी दांडी अलगद बाहेर काढायचे, दोन्ही टोकं तिरकी तासून सरस लावायचे, वरून गिरणीतलं पीळदार सूत घट्ट गुंडाळायचे. वाळेपर्यंत घरात कुणाची टाप नव्हती तिला हात लावायची. मग ओरडायचे, "धीरे वाजाड ना वं, शैला! दांडी मोडी जाई!" अक्का मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडधाड सुरू.

मला तिचा राग यायचा. एकदा बोललेच, "शाळेत मुलींना हात हलका ठेवायला शिकवायचीस आणि स्वतः मिरची कुटल्यासारखी वाजवतेस?"

"हळू वाजवलं तर त्यांच्या हाताला काही लागतच नाही गं," ती म्हणाली.

हे दाजींना ठाऊक आहे का, हे मात्र कळेना. एका दिवाळीत ते ओसरीवर दांडीला सूत गुंडाळत बसले होते. मी खुणेनेच विचारलं, पुन्हा मोडली? ते आत बघून हलकेच म्हणाले, "तुनी अक्का मनाकरता कुटस. माले समजस ना." आणि सुताचा आणखी एक वेढा दिला. म्हणजे ती आपल्यासाठीच जोरात वाजवते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या जोडप्याचं सगळं प्रेम असं मोडण्यात आणि जोडण्यात चाललं होतं, आणि दोघंही एकमेकांना कळू देत नव्हते.

दाजी गेले तेव्हा अक्का रडली नाही. तेरावं झालं, माणसं पांगली, तरी नाही. मला त्याचीच धास्ती होती. परवा धुळ्याला गेले तर ती पियानोशी बसलेली. मी दारातच थांबले. ती वाजवत होती, पण इतकं हळू, इतकं सुरेख... इतक्या वर्षांत तिचा खरा हात मी पहिल्यांदाच ऐकत होते. बोटं पट्ट्यांवरून नुसती फिरत होती. संपल्यावर मी म्हटलं, "अक्का, किती छान वाजवतेस गं."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता एकही दांडी मोडायची नाही बघ," ती म्हणाली, आणि पट्ट्यांवर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.